डोंगळे फुलले की पंप घरात: पेट्या पहिल्यांदा आणणाऱ्यांसाठी

कांद्याचं बी धरायला डोंगळे (बियाण्यासाठी लावलेले कांदे) लावलेत, गोंडे (फुलांचे झुपके) निघायला लागलेत, आणि यंदा मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणायचं ठरवलंय. तसं असेल तर हे पेट्या उतरायच्या आधी वाचा. पेट्या उतरल्यावर वाचाल, तर यातलं निम्मं करायची वेळ निघून गेलेली असेल.

माझं पहिलं वर्ष सांगतो. एकरभर डोंगळे, तीन पेट्या. गोंडे पांढरे व्हायला लागले तशी पातीवर फुलकिडे दिसले, खाली थोडा जांभळा करपाही होता. कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि वर स्टिकरची (औषध पानाला चिकटवणाऱ्या द्रव्याची) पुडी दिली. "एकाच पंपात मारा, एका फवाऱ्यात काम," म्हणाला. मजूर सकाळी मिळतो, म्हणून साडेआठला फवारा सुरू केला.

दुपारी पाणी बघायला गेलो तर पेटीच्या दारासमोर माश्यांचा सडा पडलेला. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. वाकून पाहिलं तर बहुतेकींची जीभ बारीक दोऱ्यासारखी बाहेर आलेली. आतल्या माश्या एकेक मढं ओढून बाहेर टाकत होत्या आणि ओढता ओढता त्यांचेही पाय थरथरत होते. तिसऱ्या दिवशी पेटीला कान लावला तर आवाज निम्म्यावर आलेला. मधपाळ आला, झाकण उघडलं, परत लावलं आणि म्हणाला, "भाऊ, आज रात्रीच पेट्या उचलतो." भाडं गेलं ते गेलंच. गोंडे नंतर चोळून पाहिले तर कितीतरी बोंडं पोकळ. चांगल्या प्लॉटला एकरी तीन-चार क्विंटल बी पडतं, मला त्याच्या निम्मंही पडलं नाही.

माझी चूक औषध मारण्यात नव्हती. चूक होती ती वेळेची आणि मिश्रणाची. म्हणून पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहितोय, ज्या क्रमाने ते शेतात समोर येतात.

आधी माशी ओळखा

कांद्याचं फूल स्वतःचं स्वतः नीट जमवत नाही. एका फुलातले पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलातला पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी नेऊन ठेवावा लागतो. हे काम वाऱ्याने फारसं होत नाही, माशीच करते.

पेट्या यायच्या आधी एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास बांधावर बसा. दहा गोंडे ठरवा आणि दहा मिनिटं फक्त त्यांच्याकडे बघून किती माश्या येतात ते मोजा. मोठी, लांबट, तपकिरी ती आग्या माशी. तिचं मोहोळ उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर लटकतं आणि ती कुणाच्या पेटीत राहत नाही. त्याहून बरीच लहान, काळे-पांढरे पट्टे असलेली ती फुलोरी, बांधावरच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करते. मधल्या आकाराची सातेरी, ती डोंगरपट्ट्यात जास्त. भाड्याच्या पेटीत बहुतेक वेळा मेलिफेरा म्हणजे युरोपियन माशी असते. शिवाय काळे भुंगे, जमिनीत बीळ करून एकटीच राहणाऱ्या बारीक माश्या, आणि हवेत एका जागी थांबून उडणारी पिवळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी. ही शेवटची मधमाशी नव्हे, पण तिच्या अळ्या मावा खातात. म्हणजे तिला मारलं तर पुढच्या फवाऱ्याचा खर्च आपणच वाढवून घेतला.

मोजलेला आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पेट्यांच्या माश्यांचा हिशेब मधपाळ ठेवतो. आग्या, फुलोरी आणि जमिनीतल्या माश्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. त्यांना हलवता येत नाही, रात्री जाळी लावून बंद करता येत नाही. पेटीसाठी घेतलेली काळजी त्यांना लागू पडते ती फक्त औषध आणि वेळ यांच्यापुरती.

फवारा गोंडा फुटायच्या आधी

यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, म्हणून थोडा लांबवतो.

गोंडा निघतो तेव्हा त्यावर पातळ कागदासारखा पापुद्रा असतो. तो फाटला की फुलं उघडायला लागतात. एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं, ती एकदम उघडत नाहीत. सगळे दांडे एका दिवशी निघत नाहीत, त्यामुळे पूर्ण प्लॉटचा फुलोरा तीन-चार आठवडे चालतो. या तीन-चार आठवड्यांत कीटकनाशकाचा पंप बाहेर काढायचाच नाही, असं धरून आधीचं नियोजन करायचं.

म्हणजे फुलकिड्यांचा बंदोबस्त दांडे निघताना, पापुद्रे बंद असतानाच. पातीच्या बेचक्यात, जिथे नवी पात निघते तिथे, भिंगाने बघा. फुलकिडे तिथेच लपतात. निळे चिकट सापळे तेव्हाच लावा. सापळ्याचं काम किडे संपवण्याचं नाही, किती आले ते कळवण्याचं. पातीवर चट्टे दिसले की घाबरून मारायचं, ही आपली सवय. बी धरलेल्या डोंगळ्याची पात विकायची नाहीये, चार चट्टे पडले तर पडू द्या.

आंतरप्रवाही औषधांबाबत मात्र "फुलाच्या आधी मारलं म्हणजे झालं" हे पुरत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम, क्लोथियानिडीन ही औषधं झाड पिऊन घेतं आणि ती रसाबरोबर पानात जातात, तशीच मकरंदात आणि परागातही जातात. ड्रिपमधून सोडलं तर फुलाला औषधाचा थेंबही लागलेला नसतो, तरी माशीला ते मिळतं. म्हणून डोंगळ्याला दांडे निघाल्यावर ड्रिपमधून इमिडा सोडू नका. "फवारलं नाही, पाण्यातून दिलं" हे मधपाळाला सांगून काही उपयोग नाही.

ही औषधं मज्जातंतूवर काम करतात. जास्त मात्रा गेली तर माशी जागेवर मरते, आणि त्यासाठी नॅनोग्रॅममध्ये मोजावी एवढीच मात्रा लागते. कमी गेली तर मरत नाही, पण वाट विसरते. २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर इवल्याशा चिप्स चिकटवून हे तपासलं. थायमेथॉक्झामचा न मारणारा डोस दिलेल्या माश्यांपैकी न परतणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. अशा वेळी पेटीसमोर सडा पडत नाही. पेटी नुसती हलकी होत जाते आणि शेतकऱ्याला वाटतं, माश्याच आळशी आहेत. युरोपीय संघाने या तिन्ही औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला. आपल्याकडे ती दुकानात मिळतात, त्यामुळे निवड आपल्यालाच करायची आहे.

रंग बघू नका, माहितीपत्रक वाचा

डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा असतो. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणासाठी? ही वर्गवारी उंदरांवरच्या चाचणीवरून माणसाचा धोका ठरवते, माशीचा नाही. निळ्या त्रिकोणाचं औषध माशीला लाल त्रिकोणासारखं लागू शकतं. स्पिनोसॅड घ्या. माणसाला तुलनेने सौम्य, मातीतल्या जिवाणूपासून बनतं, दुकानदार "जैविकसारखंच" म्हणून देतो. ओलं असताना ते माशीला चांगलंच विषारी आहे.

(२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-मजूर गेले. माणसासाठी असलेला त्रिकोण तरी आपण नीट बघतो का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. हातमोजे आणि मास्क या लेखाचा विषय नाही, पण घाला.)

तर डब्याबरोबर घडी घातलेला कागद येतो, तो फेकू नका. त्यात बारीक अक्षरात मधमाश्यांबद्दलची सूचना आणि फुलोऱ्यात फवारू नये वगैरे शोधा. आणि दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: हे आंतरप्रवाही आहे का, आणि वाळल्यावर किती दिवस चालतं?

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कामाचा. स्पिनोसॅड पूर्ण वाळलं की माशीचा धोका बराच उतरतो, साधारण तीनेक तासांत. लॅम्डा-सायहॅलोथ्रिनचा धोका दुसऱ्या दिवशीही राहतो. क्लोरपायरीफॉस काही दिवस, तर फिप्रोनिल आठवडाभर आणि त्याहूनही जास्त. फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल सर्रास सुचवलं जातं. पेट्या येणार असतील तर ते औषध माझ्या यादीत नाही.

औषधाचं रूपही बघा. भुकटी माशीच्या केसांना परागासारखी चिकटते आणि माशी ती थेट पिलाव्यापर्यंत (पोळ्यातल्या अंडी-अळ्यांपर्यंत) नेते, म्हणून धुरळणी सगळ्यात वाईट. पाण्यात मिसळणारी पावडर त्याखालोखाल. दाणेदार औषधाशी माशीचा संबंध सगळ्यात कमी येतो, पण ते आंतरप्रवाही असेल तर वर सांगितलेलं लागू.

निंबोळी अर्क बराच सुरक्षित, तरी तोही संध्याकाळीच. बिव्हेरियासारखी बुरशी असलेली औषधं "जैविक आहे, काही होत नाही" म्हणून भर दुपारी मारू नका. किडीला लागणारी बुरशी माशीलाही लागू शकते.

एकाच पंपात सगळं नको

माझा पहिल्या वर्षीचा घोळ इथेच होता. करप्यासाठी डोंगळ्यावर बुरशीनाशक मारावंच लागतं, आणि पाणी वाचवायला त्यातच कीटकनाशक टाकलं जातं. प्रोपिकोनाझोलसारखी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं एकटी असताना माशीला लगेच मारत नाहीत. पण माशीच्या शरीरात विष मोडून टाकणारी जी यंत्रणा असते, तिला ती अडवतात. मग सोबत जे कीटकनाशक गेलं ते मोडलंच जात नाही. अॅसिटामिप्रिड एरवी त्याच्या भावंडांपेक्षा (इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या औषधांपेक्षा) माशीला बरंच सौम्य आहे, पण प्रोपिकोनाझोलबरोबर प्रयोगशाळेत त्याचा विषारीपणा शंभरेक पटीने वाढलेला दिसलाय. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचंही असंच होतं.

तेव्हा फुलोऱ्यात करप्याचा फवारा लागलाच तर बुरशीनाशक एकटं, संध्याकाळी. ट्रायझोलऐवजी मँकोझेबसारखं काही चालत असेल तर कृषी सहायकाला विचारून ते घ्या. सिलिकॉनचा स्टिकर टाळा. आणि आधी कीटकनाशक मारलेला पंप तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय वापरू नका.

वेळ: संध्याकाळ, पण सगळीकडे नाही

डोंगळ्यावर माशी ऊन चढल्यावर येते आणि दुपार उतरेपर्यंत काम करते. म्हणून अगदी नाइलाजाने फवारावं लागलं तर सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर. औषधाला वाळायला रात्र मिळते. थंडीत दव जोरात पडत असेल तर वाळलेलं पुन्हा ओलं होतं, अशा रात्री टाळा.

मात्र "संध्याकाळी मारा" हा नियम डोळे झाकून सगळ्या पिकांना लावू नका. डोंगळ्याशेजारी वेलवर्गीय भाजी असते. घोसाळ्याचं फूल पहाटे-सकाळी उमलतं, काकडी आणि कारलंही सकाळचंच. पण दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधी भोपळ्याचंही. त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. दोडक्यावर संध्याकाळी फवारलं तर नेमकं उमलत्या फुलावर औषध बसलं. माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती दोडक्याची फुलं उघडली की दिवेलागण झाली म्हणायची.

पेट्या कधी, किती, कुठे

हे थोडक्यात. साधारण दहा-पंधरा टक्के फुलं उघडली की पेट्या आणा. आधी आणल्या तर माश्या दुसरीकडची फुलं शोधतात आणि तिथलीच वाट धरतात. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, तो त्यांना मुळातच फारसा आवडत नाही. जवळ धने किंवा मोहरी फुललेली असेल तर तिकडे जाणारच. एकरी दोन-तीन पेट्या. दार पूर्वेला, सकाळचं ऊन लागेल असं, खाली वीट किंवा स्टँड, पायांना मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या.

पाणी मात्र विसरू नका. माशी पाणी नेते आणि तिला ते जिथे मिळेल तिथून नेते: ड्रिपच्या गळक्या जोडावरून, औषध कालवायच्या ड्रमशेजारच्या डबक्यातून, पंप धुतलेल्या जागेवरून. पेट्यांजवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा, त्यात खडे टाका म्हणजे बुडत नाहीत, आणि रोज बदला. ड्रम-पंपाची जागा पेट्यांपासून लांब ठेवा.

शेजारी

मेलिफेरा माशी दोन-तीन किलोमीटर सहज फिरते. म्हणजे तुमच्या एकरावर तुम्ही काहीही न मारता तुमच्या पेट्या मरू शकतात. पेट्या यायच्या आठवडाभर आधी आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी जा. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. डाळिंबवाला असेल, टरबूजवाला असेल, त्याला सांगा की या माश्या तुझ्याही फुलांवर येणार, फुकट. एवढं ऐकलं की बहुतेक जण नीट बोलतात. मागायचं एवढंच: फवारणार असाल तर दोन दिवस आधी फोन करा. ड्रोनवाला येणार असेल तर वारा कुठला आहे ते विचारा.

फोन आला तर मधपाळाला लगेच कळवा. पेट्या हलवायच्या तर रात्री, आणि चार-पाच किलोमीटर तरी लांब. जवळच हलवल्या तर बाहेर जाणाऱ्या माश्या सवयीने जुन्या जागी परततात आणि तिथे घोंघावत मरतात. हलवणं शक्य नसेल तर फवाऱ्याच्या आदल्या रात्री दाराला जाळी लावून बंद करायच्या, वर ओलं गोणपाट आणि सावली. फेब्रुवारीच्या उन्हात दार लाकडाने ठोकून बंद केलं तर औषधाआधी माश्या गुदमरूनच मरतील. एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवायच्या नाहीत. हे काम मधपाळाच्या हातून करून घ्या, स्वतः पहिल्यांदा करायला जाऊ नका.

बांधावर तणनाशक मारायची घाई करू नका. बांधावरचं गवत-फूल हेच जमिनीतल्या माश्यांचं घर आणि डोंगळे संपल्यावरचं खाणं.

तरीही सडा पडलाच तर

सडा दिसला म्हणजे विषबाधाच, असं धरू नका. पोळ्याच्या घरात डोकं खुपसून मेलेल्या माश्या असतील आणि मध संपलेला असेल तर ती उपासमार. पोळ्यात जाळी आणि बोगदे असतील तर मेणकिडा. पंख वेडेवाकडे असलेल्या माश्या रांगत असतील तर व्हरोआ गोचीड बघा. पण एकाच दिवशी पुष्कळ माश्या, जिभा बाहेर, थरथर आणि गरगर, आणि आसपास त्याच दिवशी फवारा, असं जुळलं तर शंका पक्की धरा.

तेव्हा आधी मोबाइलवर फोटो, तारीख-वेळेसह. मग दोन मुठी ताज्या मेलेल्या माश्या कागदी पुडीत घालून, पुडी डब्यात, डबा फ्रीझरमध्ये. उन्हात दोन दिवस पडलेल्या माश्यांत औषध सापडणं अवघड होतं. वहीत लिहा: कुणी, कुठल्या पिकावर, काय मारलं, किती वाजता. मधपाळाला बोलवा, तालुका कृषी कार्यालयाला आणि कृषी विज्ञान केंद्राला कळवा. पेट्या त्याच रात्री दुसरीकडे. परागाने भरलेल्या ज्या पोळ्यांवर शंका आहे ती मधपाळ काढून घेईल, कारण आत साठवलेला विषारी पराग पुढे अळ्यांना भरवला जातो आणि पेटी महिनाभराने बसते. साखरेचा पाक किती आणि कसा द्यायचा, तेही तोच ठरवेल.

मोठ्या माश्या गेल्या की आतल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावं लागतं आणि पिलाव्याला ऊब द्यायला कुणी उरत नाही. म्हणून राणी जिवंत दिसली तरी पेटी वाचली असं आठवडाभर म्हणू नका.

फुलोरा सरताना

बोंडं भरायला लागली, पांढरं कमी होऊन हिरवं जास्त दिसायला लागलं की पुन्हा त्याच दहा गोंड्यांपाशी दहा मिनिटं बसा. माशी क्वचितच दिसली तर मधपाळाला फोन करा. पेट्या उचलून नेल्याची खात्री झाल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. आमच्याकडे गेल्या दोन हंगामांत तोवर फवाऱ्याची गरजच उरली नव्हती, फुलकिडे होते पण बी भरलेलं होतं. या वेळी मोजलेला आकडा पहिल्या आकड्याच्या शेजारी लिहून ठेवा, पुढच्या वर्षी मधपाळाशी पेट्यांचं बोलताना वही बरोबर न्या.